तुमचा चढा गंधार, यासीनभाई

यासीनभाई, मंगळवारी सकाळी अकराला तुम्ही यायचे होतात. पियानोवरच्या फोटोफ्रेमा, किल्ल्यांची परडी, ईशाची पुस्तकं मी शनिवारीच उचलून ठेवली होती. पियानोवर काही ठेवलेलं दिसलं की तुम्ही बोलायचा नाहीत, नुसते त्या वस्तूकडे बघत उभे राहायचात, आणि मग मलाच घाईघाईने ती हलवावी लागायची. रविवारी सकाळी तुम्ही गेलात. मंगळवारी अकराला मी तरीही बाहेरच्या खोलीत येऊन बसले. बारा वाजता उठले आणि भात लावला.

आज तीन आठवडे होतील. तुम्ही समोर असतात तर मला एवढं सलग बोलू दिलं नसतंत. मध्येच म्हणाला असतात, "थांबा वहिनी, ही तार ऐकू दे."

सात वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही दोह्यात, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये राहत होतो. गल्लीच्या तोंडाशी मेट्रोसाठी खणून ठेवलेलं. कुठलाही रस्ता सकाळी असायचा आणि संध्याकाळी नसायचा, आणि कारण विचारलं की सगळे एकच सांगायचे, फुटबॉलचा वर्ल्ड कप. तुम्ही जड पिशवी खांद्याला लावून तो सगळा वळसा पायी घालून आलात, शर्ट पाठीला चिकटलेला. "गुड मॉर्निंग मॅडम." मीही इंग्रजीतच तुम्हांला पियानो दाखवला. देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून ईशासाठी घेतलेला तो जुना, उभा पियानो. तुम्ही त्याचं पुढचं झाकण काढलं, आतल्या तारा आणि हातोड्या उघड्या पडल्या, आणि सात वर्षांची ईशा थेट आत बोटं घालायला गेली. मी ओरडले, "ईशे, हात काढ आधी, चेंगरेल!"

तुमच्या हातातला पाना हवेतच थांबला.

"वहिनी, तुम्ही मराठी?"

"तुम्ही?"

"रत्नागिरीकडचा. खाडीच्या पलीकडला."

त्यानंतर मी तुमच्यासाठी मॅडम कधीच झाले नाही.

चहा घेताना तुम्ही खिशातून ओळखपत्र काढून दाखवलंत. पेशाच्या रकान्यात 'कार्पेंटर' लिहिलेलं. पियानो ट्यूनर असा व्हिसाच कंपनीकडे नव्हता, म्हणून सुतार म्हणून आणलं, आणि राहायला जागाही सुतारांच्या खोलीत, पार दक्षिणेला बिरकत अल अवामेरच्या कामगारवस्तीत. "पियानो लाकडाचाच ना वहिनी," असं म्हणून तुम्ही हसलात. मग कार्ड परत खिशात ठेवताना जरा थांबलात आणि बोललात, "हॉटेलवाल्यांना नाही सांगत मी. ते उस्ताद बोलतात." हे तुम्ही मला विश्वासाने सांगितलंत, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढे मी काय केलं ते लिहायचंच आहे. त्यासाठीच तर लिहायला बसले आहे.

तुम्हांला नोटेशन वाचता येत नव्हतं. वाजवताही येत नव्हतं, म्हणजे एक तुकडा सोडून. पण मुंबईत तरुणपणी तुम्ही ज्या पारशी बाईंकडे पियानो लावायला जायचात, त्या तुमचं काम चालू असताना शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि युरोपातल्या संगीतकारांच्या गोष्टी सांगायच्या. त्या गोष्टी तुम्हांला जशाच्या तशा पाठ होत्या. नावं मात्र तुमच्या जिभेवर बसली नाहीत आणि माझ्याही नाहीत, म्हणून तुम्ही त्यांना आपल्या घरची नावं देऊन टाकलीत. पोलंडवाले साहेब. हंगेरीचे बुवा. बोटवाले मास्तर आणि त्यांच्या बाई. दीड-दोनशे वर्षांपूर्वीची ही माणसं, पण तुम्ही त्यांच्याबद्दल असं बोलायचात की जणू कालच त्यांच्याकडे जाऊन आलात.

एकदा मी ईशाच्या पुस्तकात वाचून म्हणाले, "यासीनभाई, या तुमच्या लोकांच्या काळाला रोमँटिक काळ म्हणतात. सगळी प्रेमप्रकरणं दिसतायत."

तुम्ही मान हलवलीत. "प्रेमाचं नाही हो. ओढीचं. जे जवळ नाही, त्याच्या ओढीचं. तुम्ही ऐका ना, एक तरी सूर घरी बसलेला असतो का?"

ईशा सरावाला कंटाळली की तुम्ही तिला बोटवाल्या मास्तरांची गोष्ट सांगायचात. मोठा वादक व्हायचं म्हणून त्यांनी बोटाला काहीतरी जोखड बांधून ते बळकट करायचा खटाटोप केला आणि बोट कायमचं अधू करून बसले. "देन व्हॉट?" ईशा विचारायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "मग काय? ते लिहीत बसले आणि त्यांच्या बाईंनी वाजवलं. गावोगाव जाऊन. आठ पोरं सांभाळून." मग माझ्याकडे वळून हळूच, "मी पण त्याच जातीचा वहिनी. आपण नीट लावून द्यायचं. वाजवणारे दुसरे."

आणि हंगेरीचे बुवा! उतारवयात धर्माची वस्त्रं घातली म्हणून बुवा. त्याआधी मात्र असे वाजवायचे की भर मैफलीत तारा तुटायच्या, आणि बायका त्या तुटक्या तारा आठवण म्हणून घरी न्यायच्या. तुमचं ठाम मत होतं की या एका माणसाच्या मारामुळे पियानोत लाकडाच्या जागी लोखंडी सांगाडा आला. ते कितपत खरं, मला ठाऊक नाही. पण लोखंड आल्यावर तारा जास्त ताणता आल्या, हातोड्यांवर चामड्याऐवजी दाबलेल्या लोकरीचा नमदा आला, सूर लांब टिकायला लागला, आणि म्हणून पियानो गाऊ शकला, हे तुम्ही मला आमच्या पियानोचं पोट उघडून, एकेक भाग दाखवून समजावलंत. ईशाचा बाबा, मिलिंद, इंजिनिअर, पण त्यानेही त्या दिवशी ऑफिसचा फोन बंद करून ऐकलं.

आपलं भांडण पहिल्याच वर्षी सुरू झालं. मी नाशिकला अकरा वर्षं गाणं शिकले होते. लग्न झालं, दोह्याला आले, आणि गाणं सुटलं. कोणी बंद केलं नाही. बंद पडलं. पण कान कुठे जातात? तुम्ही पियानो लावून झाल्यावर मी सा दाबला, मग गंधार, आणि म्हणाले, "यासीनभाई, हा चढा आहे."

"आहे," तुम्ही शांतपणे म्हणालात.

"मग उतरवा."

"नाही उतरवायचा. तो चढाच ठेवायचा असतो. आणि पंचम केसाएवढा उतरलेला."

मला वाटलं थट्टा करताय. मग तुम्ही समजावलंत. एका सा साठी गंधार अगदी खरा लावला, की दुसऱ्या पट्टीत तेच सूर बेसूर होतात. आणि तुमचे पोलंडवाले तर एका रचनेत या पट्टीतून त्या पट्टीत, तिथून तिसरीत फिरून येणार. त्यांना सगळी दारं उघडी हवीत. म्हणून खोट सगळ्या सुरांना थोडी थोडी वाटून द्यायची. "कुणालाच जास्त टोचत नाही," तुम्ही म्हणालात.

"मला टोचतं."

"तुम्हांला टोचणारच. तुम्ही एका सा मध्ये जन्म काढलात."

मी म्हणाले, तुमच्या या पेटीत सा आणि रे यांच्या मध्ये भिंत आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, म्हणजे जीव नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. पायाने पेडल दाबून धरलंत, एक सूर वाजवलात, आणि तो विरत असतानाच दुसरा इतका हळू आणलात की कुठे एक संपला आणि दुसरा लागला, मला सांगता आलं नाही. "भिंत आहेच," तुम्ही म्हणालात, "म्हणून तर त्या लोकांनी एवढा जीव काढला."

दर तीन महिन्यांनी तुम्ही यायचात आणि दर तीन महिन्यांनी हे भांडण. मी म्हणायचे, माझ्या, म्हणजे काळी चारच्या, पट्टीत एकदा तरी खरा गंधार लावून द्या. तुम्ही म्हणायचात, "मग पोलंडवाले कुठून जातील?" ईशा म्हणायची, "यू टू आर लाइक किड्स." आम्ही अल गराफाला व्हिलात राहायला गेलो, पियानो ट्रकने गेला, हेलकाव्याने पार उतरला, तुम्ही दोन दिवस खपून तो ठीक केलात, आणि दुसऱ्या दिवशी चहा होताच भांडण परत सुरू.

एका गोष्टीवर मात्र आपलं पटलं. तुमचा तो एकुलता एक तुकडा. पोलंडवाल्यांनी रात्रीसाठी म्हणून लिहिलेल्या एका रचनेची नुसती सुरुवात. कुठलाही पियानो लावून झाला की तुम्ही तो वाजवून बघायचात, आणि जिथे सूर वर चढून थबकतो तिथेच हात उचलायचात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "डावा हात लयीला चिकटलाय आणि उजवा मागे रेंगाळतोय, चुकतंय का?" तुमचा चेहरा उजळला. "नाही वहिनी. डावा तबलजी. उजवा गवई. गवई कुठंही भटकू दे, समेला येतो." हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ठुमरी असंच तर वागते. पुढची अर्धी सकाळ आपण न भांडता बोललो. ती सकाळ मला फार आठवते.

तशीच ती हॉटेलची. वर्ल्ड कपला दोन-तीन वर्षं राहिली होती, दर महिन्याला कुठेतरी नवं हॉटेल उभं राहायचं आणि प्रत्येक लॉबीत एक काळा, लांब पियानो हवाच असायचा. वाजवणारे नंतर ठरायचे, पियानो आधी यायचा. बाहेर दमट, आत एसीने कोरडं ठाक, लाकडाचे हाल. तुमचा फोन सारखा वाजायचा, "यल्ला उस्ताद, चला लवकर, उद्घाटन आहे." मला बघायचं होतं तुम्ही तिकडे कसं काम करता ते. तुम्ही विचारून ठेवलंत, आणि एका सकाळी ईशाला शाळेत सोडून मी तिथे आले. लॉबी अजून उघडायची होती. खुर्च्यांवर प्लॅस्टिक, आणि सात-आठ कामगार गुडघ्यावर बसून संगमरवर घासत होते. तुमच्याजवळ यंत्र नव्हतं, एक नादकाटा फक्त. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा, एक तार लावायची, आणि बाकीच्या सगळ्या नुसत्या ऐकून. दोन तारा जवळ आल्या की त्यांच्यात जी थरथर होते ती तुम्ही ओठ हलवत मोजत होतात. अडीच तास.

मग तुम्ही तो तुकडा वाजवलात. त्या उंच, रिकाम्या जागेत तो कसा पसरला, यासीनभाई! घासणारे हात थांबले. नेहमीच्या ठिकाणी तुम्ही थांबलात, तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारासा माणूस, डोक्याला गमछा बांधलेला, म्हणाला, "और बजाओ उस्ताद."

"इतना ही आता है भाई."

"तो फिर से वही बजाओ."

तुम्ही फिर से वाजवलंत. तीनदा वाजवलंत. मग त्यांचा मुकादम आला आणि सगळे परत खाली वाकले.

गाडीत मी तुम्हांला विचारलं, पोलंडवाल्यांचं पुढे काय झालं. विशीत घर सोडलं, तुम्ही सांगितलंत, मागे देशात बंड झालं, ते चिरडलं गेलं, आणि पुन्हा परत जाणं झालं नाही. परक्या शहरात छातीच्या आजाराने गेले. तिथेच पुरलं. पण आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बहिणीने त्यांचं काळीज बरणीत घालून, कपड्यांत लपवून घरी नेलं. तुम्ही खिडकीतून बाहेर, नव्या स्टेडियमच्या सांगाड्याकडे बघत म्हणालात, "आम्हांला बरं आहे. आम्हांला पूर्ण पाठवतात."

आता गणपती. तो दिवस.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. पंधरा-वीस मराठी मंडळी आरतीला येणार, ईशा पियानोवर काहीतरी वाजवणार, म्हणून तुम्ही सकाळी येऊन पियानो लावलात आणि मी आग्रहाने तुम्हांला जेवायला थांबवलं. आरती होईपर्यंत तुम्ही गॅलरीत बसलात. नंतर आत येऊन पियानोशेजारच्या खुर्चीवर. ईशाचं वाजवून झालं, टाळ्या झाल्या, आणि पुण्याचे एक गृहस्थ, मिलिंदचे वरिष्ठ, म्हणाले, "आता कोणीतरी गा बुवा." कोणी पुढे येईना. तेव्हा तुम्ही, इतक्या लोकांत पहिल्यांदाच तोंड उघडून, म्हणालात, "वहिनी गातात. फार सच्चा सूर आहे. त्यांना सांगा."

सगळे माझ्याकडे वळले. मी सतरा वर्षं गायले नव्हते. त्या गृहस्थांनी तुमच्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण? गवई आहेत का?"

आणि मी म्हणाले, "छे हो, हे आमचे सुतार. पट्ट्या ठोकून सरळ करतात. स्वरांचं त्यांचं काय ऐकता!"

लोक हसले. तुम्हीही हसलात. सुतार हा शब्द वाईट नाही, तुमच्या खोलीतले सगळे सुतार, चांगली माणसं. पण तो शब्द तुम्ही मला कसा आणि कुठल्या वेळी सांगितला होतात, ते मला माहीत होतं, आणि मी तोच उचलून तुमच्यावर फेकला. स्वतःला वाचवायला. कोणीतरी विषय बदलला. मी पानं मांडायला आत गेले आणि बाहेर आले तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती. मिलिंद म्हणाला, "त्यांना कुठूनसा फोन आला म्हणे." तुम्ही न जेवता गेलात. आमच्याकडून, सणाच्या दिवशी.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी फोन केला. "वहिनी, शेड्यूल टाइट आहे." तुम्ही माझ्याशी बोलताना कधी शेड्यूल म्हणाला नव्हतात. पुन्हा केला. "बघतो, इन्शाल्ला." पियानो उतरत गेला. मी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. ईशा म्हणाली, "जस्ट से सॉरी, आई." बाराव्या-तेराव्या वर्षी किती सोपं असतं.

फेब्रुवारीत एका रात्री दोह्यात पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच फोन. "वहिनी, लाकूड फुगलं असेल. येऊ का?"

तुम्ही आलात. पिशवी ठेवलीत, झाकण काढलंत, "अरे अरे अरे" म्हणालात, आणि कामाला लागलात. मी शिरा केला, केळं घालून, तुम्हांला आवडतो तसा. तुम्ही खात होतात आणि मी समोर उभी होते. शब्द अगदी ओठावर होते. मी म्हणाले, "अजून घ्या."

तुम्ही घेतलात. मग बशी ठेवून म्हणालात, "गंधार बघा. चढा आहे की नाही?" मी म्हणाले, "आहेच." आणि आपण परत भांडायला लागलो, आणि मी मनात म्हटलं, आज नको, पुढच्या वेळी सांगेन. अशा चार-पाच पुढच्या वेळा गेल्या, यासीनभाई.

या उन्हाळ्यात मी पुन्हा गायला लागले. तुम्हांला सांगितलं नव्हतं. मिलिंद ऑफिसला आणि ईशा शाळेला गेली की फोनवर तंबोरा लावायचा आणि नुसता षड्ज, मग हळूहळू पुढे. आवाज गंजलेला, श्वास पुरत नाही. एक दिवस रियाज संपवून दार उघडलं तर तुम्ही पायरीवर उभे, भर उन्हात, टोपी हातात.

"अहो, बेल नाही का वाजवायची?"

"दहा मिनिटं झाली. तुमचं संपू दे बोललो."

तुम्ही आत आलात, पाणी प्यायलात, पियानोसमोर बसलात आणि पट्ट्यांवरून नुसता हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "पुढच्या मंगळवारी येतो. तुमचा गंधार लावून देतो. काळी चारमध्ये. एक दिवस फक्त, बुधवारी येऊन परत माझा करणार. मी सूर धरून ठेवीन, तुम्ही गा."

सहा वर्षांनी! मी म्हणाले, "आणि पोलंडवाले?"

"बोलतो त्यांना, एक दिवस बाहेर थांबा."

ठरवलं होतं, मंगळवारी आधी माफी मागायची आणि मगच गायला तोंड उघडायचं. खरंच ठरवलं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता तुमच्या नंबरावरून फोन आला. मी म्हणाले, "काय हो यासीनभाई, एवढ्या सकाळी?" पलीकडे दुसराच आवाज. "मी नजीर बोलतोय, वहिनी. त्यांच्या खोलीतला. रायगडचा." कामावर न्यायच्या बसमध्ये तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात, शहरात आल्यावर नजीरभाईंनी हाक मारली आणि तुम्ही उठला नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. नजीरभाईंना कंपनीचं सोडून कुणाला कळवावं कळेना, म्हणून फोनमध्ये 'वहिनी' लिहिलेलं दिसलं तो नंबर लावला. त्यांना वाटलं, मी तुमच्या भावाची बायको.

तुम्हांला गावी पाठवायला पाच दिवस लागले. मिलिंद आणि नजीरभाई या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले. एका दिवशी मीही गेले. फॉर्मवर तुमचं नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि पुढे पेशा, कार्पेंटर. मी खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "भाईसाब, ये गलत है. ये पियानो के उस्ताद थे." तो बिचारा भला होता. म्हणाला, "मॅडम, आयडी में जो है वही लिखना पड़ेगा." मी तिथेच रडायला लागले. मिलिंदने मला बाहेर नेलं. त्याला वाटलं, तुमच्यासाठी रडतेय. ते तर होतंच. पण तो शब्द माझ्या आवाजात ऐकू आला होता मला.

तुम्हांला पूर्ण पाठवलं, यासीनभाई. तुम्ही म्हणाला होतात तसं.

परवा तुमच्या घरून फोन आला. भाभी. मी त्यांचा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. खणखणीत आहे. आधी त्यांनी मिलिंदचे आभार मानले. मग म्हणाल्या, "एक विचारू? ते तिथं नक्की काय करायचे? तीस वर्षं बोलायचे, बाजा लावतो. मी तो बाजा कधी बघितला नाय."

मी सांगितलं. तारा, हातोड्या, लोखंडाचा सांगाडा, हॉटेलातली ती सकाळ, संगमरवर घासणारी माणसं. नादकाटा गुडघ्यावर कसा आपटायचात ते. त्या मध्ये मध्ये "हां" म्हणत होत्या. तासभर झाला असेल. शेवटी मला राहवेना. मी म्हणाले, "भाभी, मी त्यांना एकदा फार लागेल असं बोलले होते. माफी मागायची राहिली."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "सांगितलेलं त्यांनी. पाच-सहा महिने तोंड पाडून होते. मीच बोलले, जा ना परत, काय धरून बसलात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुमचा तो सुराचा तंटा," त्या म्हणाल्या, "तो पण ठाऊक आहे. मी विचारायची, बरोबर कोण? बोलायचे, बरोबर तीच. पण मी कबूल नाय करणार. तिथं सगळे नुसते थँक्यू बोलतात, भांडायला एकच घर आहे."

हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत, हे विचारायचा मला काय अधिकार. मी तरी कुठे सांगितलं.

वर्ल्ड कप आता तीन-चार महिन्यांवर आला आहे. रस्ते सगळे पूर्ण झाले, दिव्यांच्या खांबांवर झेंडे लागतायत, ईशाच्या शाळेला त्या महिन्यात सुट्टी आहे. जग इकडे यायला निघेल त्या आठवड्यात मी ईशाला घेऊन तुमच्या गावी निघणार आहे. भाभींनी बोलावलं, आणि मी एका शब्दात येते म्हणाले. तुमची कबर बघायची आहे. त्यांना ईशाचं वाजवणं ऐकवायचं आहे, ती एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी बरोबर घेणार आहे, तुमचा तुकडा तिने शोधून काढलाय आणि तुम्ही जिथे थांबायचात त्याच्या पुढचंही शिकतेय. तिथला गंधार चढाच असणार. असू दे.

फोन ठेवता ठेवता भाभी म्हणाल्या, "मासे खाता ना? इथं दुसरं काय मिळणार तुम्हांला."

मी आयुष्यात मासा तोंडात घातलेला नाही, यासीनभाई. मी हो म्हणाले.